हिमोग्लोबिन कायम दहा, पंधरा वर्षं लोहाच्या गोळ्या, आणि आता कळतंय की कारण वेगळंच होतं

अबोली (मंगळवार, रात्री १०:४२)

धागा आरोग्य विभागात काढावा की गरोदरपणाच्या, हे कळेना. शेवटी इथे काढला. संपादकांना वाटलं तर हलवा.

आठवीत शाळेत रक्त तपासलं तेव्हापासून माझं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आहे. कधी ९.८, कधी १०.४. आईने काय काय केलं नाही! गूळ-शेंगदाणे, खजूर, बीटाची कोशिंबीर, अळिवाचे लाडू, पालेभाजी फक्त लोखंडी कढईत. लोहाच्या गोळ्या तर इतक्या गिळल्या की रद्दीवाल्याला नुसती पाकिटं विकली असती. पोट बिघडायचं, आकडा मात्र ढिम्म. दोन वर्षांपूर्वी वैतागून सोडल्याच. 'तू नीट जेवत नाहीस' हे ओळखीच्या प्रत्येक बाईने मला एकदा तरी ऐकवलंय.

आता नववा आठवडा चालू आहे. नव्या डॉक्टरबाईंनी सीबीसी हातात घेतला, हिमोग्लोबिनवर नजरही रेंगाळली नाही, खालच्या ओळींभोवती पेनाने गोल काढला. हिमोग्लोबिन १०.१, लाल पेशी ५६ लाख, एमसीव्ही (म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार) ६२, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) १८. म्हणाल्या, 'एचपीएलसी करून घ्या.' रक्तातली हिमोग्लोबिनं वेगवेगळी करून मोजायची ही तपासणी. ती आली. एचबी ए२ ५.४ टक्के, आणि खाली लिहिलंय 'बीटा थॅलेसेमिया ट्रेट'. म्हणजे मायनर. नवऱ्याचंही रक्त दिलंय, त्याचा रिपोर्ट शुक्रवारी.

सासूबाई म्हणतात, 'आमच्यात असलं काही नसतं.' माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर साताऱ्याचं, नात्यात लग्न नाही. नेटवर वाचून डोकं भणाणलंय. शुक्रवारपर्यंत काय विचार करू आणि काय करू नको, एवढं कुणीतरी शांतपणे सांगा.

कोथिंबीर (मंगळवार, रात्री १०:५८)

अगं, माझ्या मावसबहिणीला मायनर आहे. दोन मुलं, नोकरी, सिंहगड दर रविवारी. झोप आता. पॅथकाका येतील सकाळी.

उगाच_एक (मंगळवार, रात्री ११:२०)

हल्ली लॅबवाल्यांना गिऱ्हाईक लागतं. आमच्या आजीने अकरा बाळंतपणं केली, कसलं एचपीएलसी नि काय. बीट खा, मस्त राहा.

कोथिंबीर (मंगळवार, रात्री ११:२३)

उगाच, अकरातली किती जगली तेही सांग ना.

पॅथकाका (बुधवार, सकाळी ६:५०)

अबोली, आधी अभिनंदन. ते सांगायचं सगळेच विसरले.

तुमच्या डॉक्टरबाईंनी गोल कुठे काढला ते महत्त्वाचं. मी छत्तीस वर्षं मायक्रोस्कोपखाली रक्त बघितलं, आणि सर्वांत जास्त हळहळ वाटली ती अशाच रिपोर्टांची. हिमोग्लोबिनचा आकडा एकच, पण तिथवर येण्याच्या वाटा दोन.

मोदकांचं उदाहरण घेऊ. लोह कमी म्हणजे घरात सारणच कमी. मग मोदक लहान होतात आणि नगही कमी भरतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये सारणाचं सामान घरात भरपूर असतं, पण दोन सुगरणींपैकी एकीला पाककृतीच चुकीची मिळाली आहे. मोदक लहान होतात खरे, पण शरीर नग वाढवून भरपाई करू बघतं. म्हणून तुमची पेशी ६२ ची, एरवी ती ८० च्या वर हवी, आणि संख्या मात्र ५६ लाख, म्हणजे चांगल्या धडधाकट पुरुषासारखी. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागा. ६२ भागिले ५.६, साधारण ११. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा, वर असेल तर लोहाचा. हा मेंटझर यांचा ठोकताळा १९७३ चा आहे. निदान नव्हे, पण कुठलाही डॉक्टर दहा सेकंदांत करू शकतो. पंधरा वर्षांत कुणी केला नाही, याबद्दल आमच्या व्यवसायाच्या वतीने मीच ओशाळतो.

आता पाककृतीबद्दल. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं बनतं. बीटाचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर, आईकडून एक, वडिलांकडून एक. तुमच्या दोनपैकी एकात खोट आहे. बीटा कमी पडल्या की अल्फांना जोडीदार म्हणून डेल्टा साखळी थोडी जास्त मिळते. अल्फा आणि डेल्टा मिळून होतं ते ए२. निरोगी माणसात ते साडेतीनच्या आत असतं, तुमचं ५.४ आहे. म्हणजे शंका नाही.

मायनर हा आजार नव्हे. तो पुढे जाऊन मेजर, म्हणजे दोन्ही जनुकांत खोट असलेला आणि सतत रक्त चढवावं लागणारा गंभीर आजार, होत नाही, हे सासूबाईंना दोनदा सांगा. प्रश्न फक्त बाळाचा, आणि तोही नवऱ्याच्या रिपोर्टवर. तो स्वच्छ असेल तर बाळ फार तर तुमच्यासारखं मायनर होईल, शक्यता निम्मी. तोही वाहक असेल तर मेजरची शक्यता चारात एक. दर गरोदरपणात नव्याने चारात एक. पहिलं मूल मेजर झालं म्हणजे पुढची तीन चांगली, असा हिशोब लावणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये फक्त ए२ बघू नका. एचपीएलसीत एस, ई, डी अशी वेगळी हिमोग्लोबिनंही दिसतात. बीटाची खोट एकाकडून आणि सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा एस दुसऱ्याकडून आला तरी मुलाला आजार होतो.

अबोली (बुधवार, सकाळी ९:१५)

काका, मोदकांनी रडवलंत सकाळी सकाळी. धन्यवाद. पण 'आमच्यात नसतं'चं काय? खरंच काही समाजांतच असतं का?

पॅथकाका (बुधवार, दुपारी १:३०)

प्रमाण कमी-जास्त असतं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात जास्त. पण भारतात सरासरी शंभरात तीन-चार लोक वाहक आहेत, आणि कुठलाही समाज त्यातून सुटलेला नाही. दरवर्षी या देशात दहा हजारांहून जास्त मुलं मेजर घेऊन जन्मतात. त्यांतल्या बहुतेक घरांत कुणीतरी 'आमच्यात नसतं' म्हटलेलंच असतं.

खोटही एकाच जातीची नाही. जगभरात बीटाच्या दोनशेंहून जास्त वेगवेगळ्या खोटी सापडल्या आहेत. आपल्याकडे पाच-सहा प्रकारांतच बहुतेक माणसं बसतात. सर्वांत जास्त आढळणारी म्हणजे जनुकाच्या पहिल्या वगळायच्या तुकड्यातलं पाचवं अक्षर बदललेलं. जी च्या जागी सी. एक अक्षर! कापून जोडायची खूणच पुसट होते आणि पेशीला कुठे कापावं ते नीट कळत नाही. सिंध्यांमध्ये मात्र ६१९ अक्षरांचा अख्खा तुकडाच गायब असलेला प्रकार बराच दिसतो.

हे पांडित्य नाही, कामाचं आहे. दोघंही वाहक निघालात तर आधी तुम्हा दोघांची नेमकी खोट शोधावी लागते, मगच बाळाच्या वारेचा नमुना घेऊन त्यात ती बघता येते. तो नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात. म्हणून नववा आठवडा ही चांगली वेळ आहे. घाबरून नाही, पण शुक्रवारचं शुक्रवारी करा.

बाराखडी (बुधवार, दुपारी ३:०५)

इथे एक विचारून घेते. आमच्याकडे मुलीचं बघणं चालू आहे. एका स्थळाची पत्रिका छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळली, पण एकनाड आली. गुरुजी म्हणाले, एकनाड म्हणजे रक्तगट सारखा, मुलांना रक्ताचे आजार होतात, शास्त्रातही आहे. मुलीचा बी पॉझिटिव्ह, मुलाचाही बी पॉझिटिव्ह. काका, यात तथ्य किती?

पॅथकाका (बुधवार, दुपारी ४:४०)

शून्य. नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असल्याने बाळाला काहीही होत नाही. उलट तो सगळ्यांत बिनघोर प्रकार. खरी काळजी आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा, आणि तीही अँटी-डी च्या इंजेक्शनाने निभावते. नाडीचा आणि रक्तगटाचा संबंध कुणी जोडला कळत नाही, पण महाराष्ट्रात हा गैरसमज सुखाने नांदतो आहे.

मुलीचा एचपीएलसी केलात का? तो एका स्थळाच्या पोह्यांच्या खर्चात होतो.

टवाळखोर (बुधवार, दुपारी ४:५२)

काका, 'मुलगी सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, ए२ २.६' अशी जाहिरात द्यायची का आता?

वैनगंगेकाठी (बुधवार, रात्री ९:३०)

टवाळखोर, तुम्ही गमतीत म्हणालात, आमच्याकडे ते खरंच घडतं, आणि ते गमतीचं नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्याकडे थॅलेसेमिया नव्हे, सिकलसेल. शाळेत तपासणी होते, बोटातून थेंब घेऊन सोल्युबिलिटी नावाची झटपट चाचणी करतात, गढूळ आलं की पुढची तपासणी. मुलं एकमेकांना विचारतात, 'तू एएस का एसएस?' एएस म्हणजे वाहक, धडधाकट. एसएस म्हणजे दुखणं. हात-पाय, पाठ असं दुखतं की मोठा मुलगा भर वर्गात ओरडतो. थंडीत जास्त, पाणी कमी प्यायलं की जास्त.

आमच्याच वर्गातल्या एका हुशार मुलीचं लग्न पुढे मोडलं, कारण ती एएस. मुलाकडच्यांनी मुलाची तपासणी केलीच नव्हती! तो एए, म्हणजे वाहकही नसलेला, असता तर काहीच बिघडत नव्हतं. तपासणी दोघांची हवी, झाली एकटीची, आणि शिक्काही एकटीवर. म्हणून काका, तुमचा सल्ला बरोबर असला तरी नुसती तपासणी करून सुटत नाही.

माझा मात्र खरा प्रश्न दुसरा आहे. माझ्या शाळेत दोन सख्खे भाऊ, दोघेही एसएस. मोठा वर्षातून चार वेळा भरती होतो, दोनदा रक्त चढवलं. धाकटा कबड्डीच्या संघात आहे. घर एक, जेवण एक, आई-बाप एक. मग हा फरक कुठून आला? गावात म्हणतात, मोठ्याला बाहेरची बाधा आहे.

पॅथकाका (बुधवार, रात्री १०:१०)

सर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. लेस्टरकर, आहात का? हे तुमचं खातं.

लेस्टरकर (गुरुवार, पहाटे २:१५)

आहे. इकडे इंग्लंडात अजून पावणेनऊच वाजलेत.

मी पेशींच्या जनुकशास्त्रात काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे उपचाराचं काका सांगतील.

सिकलसेलमध्ये चूक एकच आणि सगळ्यांची सारखी. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांनी १९४९ मध्ये या आजाराला रेणूचा आजार म्हटलं, आणि इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमकी जागा दाखवली. प्राणवायू सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. तुमच्या विद्यार्थ्याची कळ ती हीच.

पण सर, या दोन भावांत एका हिमोग्लोबिनाचा फरक असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते हिमोग्लोबिन गर्भातलं. पोटात असताना बाळ बीटा फारशी वापरत नाही, मुख्यतः गॅमा साखळी वापरतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद, बीटा चालू. म्हणून एसएस बाळ पहिले पाच-सहा महिने ठणठणीत असतं आणि मग दुखणं सुरू होतं. काही लोकांत मात्र ही गॅमा पूर्ण बंद होत नाही. मोठेपणीही दहा, पंधरा, वीस टक्के गर्भातलं हिमोग्लोबिन राहतं. ते काड्यांच्या मधे येतं आणि त्या वाढू देत नाही. धाकट्याचं एफ, म्हणजे हेच गर्भातलं हिमोग्लोबिन, मोजून बघा, जास्त निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ते कुणाचं जास्त राहतं? त्याचा शोध मोठा गमतीचा. २००७-०८ च्या सुमारास इंग्लंड आणि सार्डिनिया बेटावरच्या लोकांचे जनुक चाळताना संशोधकांना दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी संबंध सापडला. नाव बीसीएल११ए. हिमोग्लोबिनाशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ मध्ये दाखवलं की गॅमाचा नळ बंद करणारा तोच. ज्यांचा हा नळकरी जन्मतः जरा आळशी, त्यांचा आजार सौम्य. दोन भावांना असे छोटे छोटे फरक वेगवेगळे मिळू शकतात, आईबाप एक असूनही. शिवाय अल्फा साखळीची एखादी प्रत गळालेली असेल तर त्यानेही आजाराचा बाज बदलतो.

बाधा नाही, पानं वेगळी वाटली गेली आहेत इतकंच.

वैनगंगेकाठी (गुरुवार, सकाळी ७:४०)

नळकरी! हे मी वर्गात वापरणार. ग्रामपंचायतीचा नळकरी आमच्याकडे जन्मतःच आळशी आहे, मुलांना लगेच कळेल.

पण एक. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की भारतातला सिकलसेल आफ्रिकेपेक्षा सौम्य असतो. मला तसं दिसत नाही.

लेस्टरकर (गुरुवार, दुपारी १२:०५)

भारतात आणि अरबस्तानात एस ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर बसलेला आहे, तिच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं. त्यावरून 'सौम्य' हा शब्द पडला. पण विदर्भातल्या मुलांना जन्मापासून पुढे तपासत राहिलेल्या डॉक्टरांनी दाखवलं की तिथे बऱ्याच मुलांना चांगलाच त्रास होतो. सरासरी सौम्य असली तरी समोरचं मूल सरासरी नसतं. तुमचे डोळे बरोबर आहेत, सर.

उगाच_एक (गुरुवार, दुपारी १२:४०)

मला एक कळत नाही. एवढा वाईट जनुक आहे तर निसर्गाने ठेवला कशाला? डार्विनबाबा काय करत होते?

लेस्टरकर (गुरुवार, दुपारी १:५५)

पहिल्यांदाच चांगला प्रश्न विचारलात :)

मलेरिया. ज्याच्यात एसची एकच प्रत आहे त्याला फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या मलेरियाने मरण्याचा धोका बराच कमी. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. त्याआधी थॅलेसेमियाबद्दल हीच कल्पना मांडली होती जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी. हेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, धोतर-कुर्त्यात वावरले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. गडचिरोलीचं जंगल, ओडिशा, नंदुरबारचे डोंगर, जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेली तिथेच सिकलसेल आहे. एका प्रतीने नातू वाचवला आणि दोन प्रतींनी पणतू आजारी पडला. व्यवहार असा आहे.

वैनगंगेकाठी (गुरुवार, सायंकाळी ६:२०)

हे लिहिलंत ते बरं केलंत. कारण आमच्याकडे याला 'अमुक जातीचा आजार' म्हणतात. नागपुरात पन्नासच्या दशकात पहिल्या नोंदी झाल्या त्या दलित समाजातल्या रुग्णांच्या, तेव्हापासून तो शिक्का बसला. आदिवासी, दलित, आणि बऱ्याच ओबीसी कुटुंबांतही मी एसएस मुलं पाहिली आहेत. डास जात विचारून चावत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं करतो म्हणून जनुक जातीत राहिला, हा दोष जनुकाचा नव्हे.

कोथिंबीर (गुरुवार, सायंकाळी ६:४५)

सर, +१००.

मामाचा_भाचा (गुरुवार, रात्री ८:५०)

जरा अवांतर, पण रक्ताचाच विषय आहे. माझ्या मामाचं मांडीच्या हाडाचं ऑपरेशन ठरलं. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, सगळे निवांत. रक्तपेढीत ओ च्या सहा पिशव्या जुळवून बघितल्या, सहाही जुळेनात. तंत्रज्ञ म्हणे, पेशंटचा नमुना बदलला असणार, पुन्हा आणा. पुन्हा तेच. दीड दिवस घोळ चालला. शेवटी एका वयस्क बाईंनी विचारलं, 'एच बघितलात का?' बॉम्बे ब्लड ग्रुप निघाला. मामा उभ्या जन्मात मुंबईत चार दिवसांवर राहिलेला नाही!

पॅथकाका (गुरुवार, रात्री ९:३५)

अवांतर कसलं, याच धाग्याचं आहे. रक्तपेशीवर ए आणि बी चे झेंडे लागतात ते एच नावाच्या काठीवर. ओ वाल्यांकडे नुसती काठी असते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा एफयूटी१ हा जनुक दोन्हीकडून बिघडलेला मिळाला की काठीच उभी राहत नाही. साध्या तपासणीत असा माणूस ओ दिसतो. पण त्याच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, म्हणून ज्याला आपण सर्वदाता म्हणतो ते ओ रक्तही त्याला मारक. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं आणि शहराचं नाव रक्ताला लागलं. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एखादा. परळला केईएमच्या आवारात जी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, ती १९५७ मध्ये रक्तगटांचंच केंद्र म्हणून सुरू झाली होती.

मामांच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून ठेवा. चारात एक हिशोब इथेही लागतो.

टवाळखोर (गुरुवार, रात्री ९:४१)

म्हणजे एबी बापाला ओ पोर होऊ शकतं? मालिकावाल्यांनो, हा प्रतिसाद वाचू नका, तुमचे दोनशे भाग बुडतील.

बाराखडी (गुरुवार, रात्री १०:०५)

मुलीचा आणि त्या मुलाचाही एचपीएलसी उद्या करतोय. दोघांचा. सरांचं वाचून ठरवलं. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

पॅथकाका (गुरुवार, रात्री १०:२०)

उत्तम. आणि अबोली, बाळाच्या तयारीला लागाल तेव्हा एक. पेटीतली जुनी दुपटी-झबली काढाल, त्यात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील. जी६पीडी नावाचं विकर कमी असलेल्या बाळाला त्या वासाने, त्या कपड्याच्या स्पर्शाने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. हा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून मुलग्यांना जास्त. पारशी समाजात प्रमाण बरंच. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा, गोळ्या फेकून द्या. बाळाला काही असो वा नसो.

अबोली (गुरुवार, रात्री १०:३८)

काका, आईच्या पेटीत त्याच आहेत. उद्याच फेकते.

लेस्टरकर, एक शंका. माझ्या रिपोर्टवर नॉर्मल म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो कुणाचा असतो?

लेस्टरकर (शुक्रवार, पहाटे ३:०२)

चांगलं पकडलंत. २०२० मध्ये पाच वंशगटांतल्या ७,४६,६६७ लोकांच्या रक्तपेशी आणि जनुकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल पेशींचा आकार, पांढऱ्यांची संख्या, प्लेटलेट, प्रत्येक आकड्यामागे शेकडो जागी बारीक बारीक फरक आहेत. थॅलेसेमियासारखी ठळक खोट विरळा, बाकी सगळी कुजबुज. त्यात दक्षिण आशियाई लोकांतच दिसणारा आयएल७ जनुकातला एक फरक सापडला, ज्याने लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढतात. फक्त गोऱ्यांचं रक्त तपासत बसले असते तर तो दिसलाच नसता.

पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांत डफी नावाचा झेंडा लाल पेशीवर नसतो, त्यामुळे व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार त्यांना सहसा होत नाही. पण त्यांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मुळातच कमी असतात, आणि युरोपी आकड्याशी ताडून त्यांना निष्कारण रुग्ण ठरवलं गेलं. पश्चिम बंगालमध्ये निरोगी रक्तदात्यांत प्लेटलेट कमी पण आकाराने मोठ्या सापडतात. डेंगीच्या दिवसांत अशा माणसाचा रिपोर्ट आला की घरात रडारड.

आणि सर, तुमच्यासाठी: त्याच बीसीएल११ए चा लाल पेशींपुरता खटका कापणारा जनुक-संपादनाचा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्य केला. एकदाच द्यायचा. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर.

वैनगंगेकाठी (शुक्रवार, सकाळी ७:१५)

रुपयांत करून बघितलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. आमच्याकडे हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता मिळाल्या तरी मोठा भाऊ दहावीची परीक्षा देईल. तीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते म्हणे. नळ तोच, पाना स्वस्तातला.

अबोली (शुक्रवार, सायंकाळी ७:३०)

रिपोर्ट आला!

नवऱ्याचा एमसीव्ही ८८, ए२ २.७, एस-ई-डी काहीही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, वारेच्या तपासणीची गरज नाही. बाळ मायनर असू शकतं, त्याचं जन्मानंतर बघू. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, नवरा पार्किंगचे पैसे देत होता. भावालाही तपासायला सांगितलंय, त्याचं लग्न व्हायचंय.

पण एक गंमत आहे. काकांचं वाचून मी आधीच आगाऊपणे डॉक्टरबाईंना म्हणाले होते की आता लोहाच्या गोळ्या बंद ना? त्या म्हणाल्या, मोजू आणि मग बोलू. आज फेरिटिनही, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, आलं. ९.

पॅथकाका (शुक्रवार, सायंकाळी ७:५५)

हा हा! म्हणजे थॅलेसेमिया मायनर आणि लोहही कमी, दोन्ही एकदम. होतं असं, वाहक बायकांची पाळी काही वेगळी नसते. ए२ ठळक होतं म्हणून वाचलात, नाहीतर लोह फार कमी असलं की ए२ खाली येऊन वाहकपण लपूनही राहतं. गोळ्या घ्या, फॉलिक ॲसिड घ्या. फेरिटिन भरलं की थांबा. हिमोग्लोबिन बाराला जाईल अशी वाट बघू नका, जाणार नाही. ज्यांना मेजर असतं त्यांच्या अंगात प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमवर लोह साचतं आणि ते काढायलाच औषधं घ्यावी लागतात. तुमचं तसं काही नाही. माझा ओशाळेपणा मात्र कायम. पंधरा वर्षांत फेरिटिनही कुणी मोजलं नव्हतं ना?

अबोली (शुक्रवार, रात्री ८:२०)

नाही. आजच पहिल्यांदा.

आईला फोनवर सगळं सांगितलं. जनुक, गुणसूत्र, मोदक, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'म्हणजे लोह कमीच होतं ना? मग मी काय सांगत होते?' लोखंडी कढई रविवारी इकडे येतेय.